सावकाशरावांचा वॉर्मअप

त्या संध्याकाळी सावकाशरावांनी ‘येतो’ म्हणण्याआधी क्षणभर विचार केला असता, तर पुढे कमरेला पट्टा बांधून भिंती धरत घरभर फिरायची वेळ त्यांच्यावर आली नसती. पण विचार करायचा म्हणजे सोफ्यावरून निदान मान तरी उचलावी लागते, आणि ऑफिसातून आल्यावर ती उचलण्याइतकं बळ त्यांच्यात कधीच शिल्लक नसे. बायकोने काहीतरी विचारलंय, ‘नाही’ म्हटलं तर कारण द्यावं लागेल आणि ‘हो’ म्हटलं की विषय मिटेल, एवढा अंदाज त्यांनी बांधला आणि डोळे न उघडता ‘येतो’ म्हणून टाकलं. (लग्नालाही त्यांनी असाच होकार दिला होता, असं बायकोचं म्हणणं आहे.)

सावकाशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसने ठेवलेलं. पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या टेबलावर ते इतकी वर्षं बसले होते की खुर्चीला त्यांचा आकार आला होता की त्यांना खुर्चीचा, हे सांगणं अवघड होतं. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी येत नाही पण बिल वेळेवर येतं, असल्या तक्रारी घेऊन लालबुंद झालेली माणसं दिवसभर त्यांच्यासमोर येत. सावकाशराव कुणावर आवाज चढवत नसत. ‘बसा. सावकाश. बघू आपण,’ एवढंच म्हणत आणि समोरच्या बाकावर बसवून ठेवत. टेबलावर मूठ आपटायला आलेला माणूस दुपारपर्यंत असा काही मऊ पडे की ‘तुम्हाला उगाच त्रास दिला हो’ म्हणत स्वतःच घरी जाई.

कुठलीही ताठ गोष्ट पुरेसा वेळ धरून ठेवली की सैल पडते, हे सावकाशरावांच्या सगळ्या नोकरीचं सार होतं. फक्त माणूस आधी बसला पाहिजे. उभ्या माणसाला ‘सावकाश’ म्हटलं की तो उलट जास्त भडकतो, हेही त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. मागे एकदा बाक रंगवायला नेलं होतं, तेव्हा त्या एका आठवड्यात त्यांच्या टेबलाची काच फुटली होती.

बायकोचं सगळं याच्या उलट. ती औषधांच्या दुकानात काउंटरमागे दिवसभर उभी असायची. डॉक्टरांचं अक्षर वाचायचं, गिऱ्हाइकांचं गाऱ्हाणं ऐकायचं आणि घरी येऊन पुन्हा ओट्यापाशी उभं राहायचं. मुलगी शिकायला परगावी गेली तशी संध्याकाळ रिकामी पडली, म्हणून ती कराटेच्या क्लासला जायला लागली. सावकाशरावांना वाटलं, भरतकामासारखंच असेल काहीतरी, महिन्याभरात कंटाळेल. बायको कंटाळली नाही. पांढरा पट्टा जाऊन पिवळा आला, हिरवा आला, निळा आला. आता तपकिरी पट्ट्याची परीक्षा होती, आणि तिथे तिची गाडी अडली होती. त्या परीक्षेत साइड किक मारून लाकडी फळी मोडावी लागते. मागच्या वर्षी तिची फळी मोडली नव्हती.

‘आणि या वर्षीही नाही मोडली, तर क्लासच्या बाईंचा नियम माहीत आहे ना?’ बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली. ‘पट्टा काढून ठेवायचा आणि लहान मुलांच्या बॅचमध्ये पहिल्यापासून सुरुवात. सगळी दुसरी-तिसरीतली पोरं. त्यांच्या रांगेत मी!’

‘उंचीप्रमाणे उभं करतात ना? मग तू शेवटी येशील. कुणाला फारशी दिसणार नाहीस,’ सावकाशरावांनी धीर दिला.

लाटणं थांबलं. ‘तुम्ही धीर देत जाऊ नका हो,’ ती म्हणाली. मग जरा वेळाने, आवाज खाली आणून म्हणाली, ‘या घरात मोडलेली प्रत्येक वस्तू मीच जोडत आले. कपांचे कान, तुमचे चष्मे, पोरीची भांडणं. एकदा तरी मला काहीतरी मोडायचंय. सगळ्यांसमोर. आवाज करून.’

हे मात्र सावकाशरावांना लागलं. त्यांनी चक्क डोळे उघडले. ही बाई कधी काही मागत नाही, आणि मागून मागितलं काय तर एक मोडकी फळी, ती तिला मिळालीच पाहिजे असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. फळीचं आपण काही करू शकत नाही याचं वाईटही वाटलं. आणि मग कळलं की मघाशी आपण ज्याला ‘येतो’ म्हणालो ते नेमकं याचसाठी होतं. क्लासमध्ये स्ट्रेचिंग जोडीने करायचं असतं, बायकोची जोडीदारीण गाव सोडून गेली होती, आणि परीक्षेपर्यंत पाठ दाबायला नि पाय ओढायला माणूस हवा होता.

क्लास एका शाळेच्या सभागृहात भरायचा. शिकवणाऱ्या बाई म्हणजे त्याच शाळेतल्या निवृत्त पी.टी. टीचर. उंची बेताची, केस पांढरे आणि गळ्यात शिट्टी. बाई बोलायच्या कमी आणि शिट्टी वाजवायच्या जास्त. पहिली शिट्टी झाली की सगळ्यांनी हॉलभर पळायचं. दुसरीला गुडघे छातीपर्यंत उचलत पळायचं. मग दोरीवरच्या उड्या, मग पाय पुढे-मागे झुलवायचे. घामाने सगळ्या भिजल्या की जोड्या करून थोडंसं ताणायचं, आणि तेही कसं, तर ‘धरा… सोडा, धरा… सोडा!’

सावकाशरावांनी पळण्याच्या भानगडीत न पडता भिंतीकडची एक मॅट गाठली. ‘मी पार्टनर आहे, पळण्याचं माझ्याकडे नाही,’ असा खात्यातला खुलासा त्यांनी बाईंना दिला. बाईंनी नुसतं पाहिलं. पण ती मॅट! ऑफिसच्या खुर्चीने पिळून काढलेली कंबर मॅटवर टेकली, तसं सावकाशरावांना आपण इतकी वर्षं कराटेबद्दल उगाच गैरसमज करून घेतला असं वाटलं. बायकोची पाठ दाबायची, मग तिने आपली दाबायची. कुणी फाइल मागत नाही, फोन वाजत नाही. त्यांचं एकच दुखणं होतं, की बाई लगेच ‘सोडा’ म्हणायच्या.

‘हे कसलं धरणं?’ ते बायकोला म्हणाले. ‘माणूस टेकतोय न टेकतोय तोच उठवलं. अशाने काय सैल पडणार?’

‘लांबचं स्ट्रेचिंग क्लास संपल्यावर असतं. गप्प बसा, बाई बघतायत.’

आणि खरंच, क्लास संपल्यावर बाईंनी दिवे अर्धे केले, सगळ्यांना मॅटवर बसवलं आणि शिट्टी न वाजवता म्हणाल्या, ‘आता सावकाश.’ स्वतःचं नाव असं सन्मानाने घेतलेलं सावकाशरावांनी प्रथमच ऐकलं. एकेक पाय धरून कितीतरी वेळ नुसतं पडून राहायचं. त्यांना तिथेच झोप लागली. जागे झाले तेव्हा हॉलमध्ये शाळेचा शिपाई झाडत होता आणि त्यांच्याभोवतीची जागा सोडून बाकी सगळं झाडून झालं होतं.

परतीच्या वाटेवर मात्र त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. (हे क्वचित होतं, पण झालं की थांबवणारं कुणी नसतं.) एवढी चांगली गोष्ट शेवटी का ठेवायची? दमल्यावर जी इतकी गुणकारी, ती न दमता केली तर किती गुणकारी होईल! बायको ताठ आहे, म्हणून फळी मोडत नाही. तिला पुरेसा वेळ धरून ठेवायला हवं. बाई उत्तम असतील, पण त्यांनी कधी तक्रारींचं टेबल सांभाळलेलं नाही.

घरी त्यांनी स्वतःची पद्धत सुरू केली. बायकोने सतरंजीवर उताणं पडायचं, एक पाय सावकाशरावांच्या खांद्यावर द्यायचा, आणि त्यांनी त्या पायाला टेकून वर्तमानपत्र वाचायचं. अग्रलेख संपला की पाय बदलायचा. सुरुवातीला बायको अग्रलेखाच्या पहिल्याच परिच्छेदाला ओरडायची.

एके दिवशी ते तिला पुढे वाकवून पाठीवर भार टाकून बसले होते तेव्हा दारावर धडाधडा थापा पडल्या. शेजारीण होती. हातात तिने पोछ्याचा दांडा घट्ट धरला होता.

‘वहिनी कुठे आहेत?’

‘आत आहे. जरा दाबून ठेवलीय,’ सावकाशराव म्हणाले.

‘दाबून ठेवलीय?’

‘रोजच ठेवतो. आधी ओरडते, मग होते सवय.’

शेजारणीने दांडा उचलला. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, ‘अहो, कोण आहे? लवकर या, दुसरी बाजू राहिलीय!’ शेजारणीने सावकाशरावांकडे आणि आतल्या खोलीकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाली, ‘मी आपली साखर मागायला आले होते.’ साखर न घेताच ती गेली.

पण गुण आला, हे मान्य करायला हवं. बायकोचा पाय दिवसेंदिवस वर जाऊ लागला. आधी ओट्यापर्यंत गेला, मग फ्रिजच्या दारापर्यंत, आणि एक दिवस तिने टाच फ्रिजच्या डोक्यावर ठेवून दाखवली. क्लासमध्ये बाईदेखील म्हणाल्या, ‘पाय छान उघडतोय हं तुमचा.’ बायकोने सगळ्यांसमोर सांगितलं, ‘यांच्यामुळे.’ हा एक शब्द ऐकायला सावकाशरावांना लग्नानंतर इतकी वर्षं लागली होती. त्या संध्याकाळी ते जिना एका दमात चढले. (पहिलाच मजला आहे, पण तरी.)

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक बाहेरगावाहून यायचे होते आणि त्यांची गाडी वाटेत बंद पडली. बाई फोन कानाला लावून दारापाशी फेऱ्या मारत होत्या. ‘कुणी थंड पडू नका,’ त्यांनी मध्येच ओरडून सांगितलं. ‘आपापल्या जोड्या करा आणि वॉर्मअप चालू ठेवा!’

बाकीच्या पळायला लागल्या, दोऱ्या सपासप फिरायला लागल्या. सावकाशरावांनी तो धिंगाणा पाहिला आणि मान हलवली. ‘या आत्ताच दमून जाणार,’ ते बायकोच्या कानात म्हणाले. ‘तू जोर वाया घालवू नकोस. चल.’

‘अहो, पण बाई म्हणाल्या…’

‘बाई वॉर्मअपच म्हणाल्या ना? मग आपण आपला करू.’

स्टेजच्या पडद्यामागे त्यांनी मॅट अंथरली. वारा लागू नये म्हणून स्वतःचा कोट बायकोच्या अंगावर घातला. उजवा पाय खांद्यावर घेतला आणि वर्तमानपत्र उघडलं. परीक्षक काही येईनात, म्हणून त्या दिवशी अग्रलेखावर भागलं नाही. बाजारभाव झाले, हवामान झालं, हरवले-सापडले झालं. डावा पाय घेतला. पाठ घेतली. पुन्हा उजवा घेतला. बायको आधी कुरकुरत होती, मग गप्प झाली, मग म्हणाली, ‘अगदी हलकं वाटतंय हो. पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही.’

‘हेच पाहिजे,’ सावकाशराव म्हणाले.

पुढे ती घोरायला लागली. सावकाशरावांना तिच्याकडे बघून भरून आलं. दिवसभर उभी राहणारी ही बाई आज आपल्यामुळे किती सैल पडलीय, असं त्यांना वाटलं.

परीक्षक एकदाचे आले. अंगाने काटकुळे, मिशा मात्र जाड, आणि उशीर स्वतःला झालेला असून दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणारे. नाव पुकारलं गेलं तशी बायको डोळे चोळत पडद्याबाहेर आली. आधीचे पवित्रे तिने बरे केले. सगळं सुरेख, गोल आणि संथ. परीक्षकांनी एक भुवई वर केली. मग क्लासमधल्या दोन तरुण पोरी फळी धरून समोर उभ्या राहिल्या.

बायकोने श्वास घेतला, वळली आणि पाय उचलला. काय उचलला! सावकाशरावांनी अभिमानाने शेजारच्या माणसाला कोपर मारलं. पाय वर गेला, लांब झाला, फळीवर टेकला आणि ‘टप’ असा आवाज आला. दार वाजवताना आत आजारी माणूस असला तर जेवढा आवाज करतात, तेवढाच.

‘बाई, लाथ मारायचीय,’ परीक्षक म्हणाले. ‘फळीची विचारपूस करायची नाही.’

दुसऱ्या वेळी आवाज आणखी कमी आला. फळी धरणाऱ्या एका पोरीने तर ‘मारली का?’ असं विचारलं. आता एकच संधी उरली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, ‘मी चहा घेतो. चहानंतर शेवटचा प्रयत्न.’

बाई तरातरा आल्या. त्यांनी बायकोची मांडी दाबून पाहिली, पोटरी दाबून पाहिली, कपाळाला हात लावला.

‘अंग गार पडलंय. एवढा वेळ काय करत होतात?’

‘स्ट्रेचिंग,’ सावकाशराव पुढे होऊन म्हणाले. ‘अगदी एक मिनिटही वाया घालवलं नाही. सगळा पेपर वाचून झाला.’

‘सगळा पेपर!’ बाईंनी डोळे मिटले. बाईही दिवसभराच्या थकल्या होत्या. ‘अहो, लाथ मारायच्या आधी अंग तापवायचं असतं. पळून, उड्या मारून, पाय झुलवून. ताणायचं ते थोडंसंच. इतका वेळ नुसतं ताणून धरलं की पायाचा जोर उतरतो, स्नायू झोपी जातात. ते सगळं झाल्यावर करायचं, रात्री छान झोप लागावी म्हणून. तुम्ही परीक्षेआधीच हिला झोपवून आणलीत!’

बायकोने नुसतं सावकाशरावांकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. ती ओरडली असती तर त्यांना चाललं असतं. ओरडणाऱ्या माणसांचं त्यांना काही वाटत नसे, तो त्यांचा रोजचा धंदा होता. पण ‘यांच्यामुळे’ म्हणून जिने मान ताठ केली होती, तिची फळी आपण मोडू दिली नाही, हे त्यांना सहन होईना. काहीतरी करायला हवं होतं. आणि सावकाशरावांना एकच गोष्ट करता येत होती, ती म्हणजे समजूत घालणं. त्यांनी सवयीने इकडेतिकडे पाहिलं. आसपास बाक नव्हतं, खुर्ची नव्हती. बायको उभीच होती.

‘अगं, सावकाश,’ ते म्हणाले. ‘जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू आपण.’

बायकोने डोळे पुसले. ‘काय म्हणालात?’

‘म्हटलं, कुठे पळून जातेय परीक्षा? एका फळीने काय होणार आहे? लाकूडच ते.’

‘लाकूडच?’ ती एक पाऊल पुढे आली.

‘मागच्या वर्षीही नाही मोडली, तर काही बिघडलं का? उलट लहान मुलांच्या बॅचमध्ये तुझा वेळ चांगला जाईल. तुला मुलांची आवड आहेच. त्यांच्या बुटांच्या लेसबिस बांधायला बाईंनाही कुणीतरी…’

बायकोच्या गालांवर रंग चढायला लागला. ती येरझाऱ्या घालू लागली. बाईंनी झटकन तिचं मनगट धरून नाडी पाहिली, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. ‘थांबू नका,’ त्या सावकाशरावांना हळूच म्हणाल्या. ‘बोला. अजून बोला.’

आपली समजूत लागू पडतेय, असंच सावकाशरावांना वाटलं. त्यांना हुरूप आला.

‘आणि हे बघ, वयाप्रमाणे होतंच असं. तुझ्या आईचेही गुडघे याच वयात गेले.’

‘माझ्या आईचं नाव काढू नका!’ येरझाऱ्यांचा वेग वाढला.

‘नाही काढत. मी आपलं चांगल्यासाठी सांगतो. तू फार मनाला लावून घेतेस. ते कपड्याच्या मशीनचंही तू असंच लावून घेतलंस. मी नेणारच होतो दुरुस्तीला.’

‘कधी?’ बायको ओरडली. ‘दोन उन्हाळे मी हाताने धुतेय! चादरी! तुमच्या त्या जाड पँटी! कधी नेणार होता?’

‘नेऊ ना. सावकाश.’

यानंतर काय झालं ते हॉलमधल्या प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं, पण सावकाशराव पळत होते याबद्दल दुमत नाही. एरवी बससाठीही न पळणारे सावकाशराव हॉलला फेऱ्या मारत होते, आणि मागून बायको गुडघे उचलत येत होती. हॉलच्या पलीकडच्या टोकाला आडवं आलेलं बाक तिने उडी मारून ओलांडलं. ‘गिझरचं काय?’ ती विचारत होती. ‘बाथरूमच्या कडीचं काय? पोरीच्या गॅदरिंगला झोपला होतात त्याचं काय?’ आणि सावकाशराव धापा टाकत, अजूनही समजूतच घालत होते, ‘बसून बोलू… अगं, आधी बस तरी!’

बाईंनी शिट्टी फुंकली. परीक्षक कप खाली ठेवून उभे राहिले होते. बायकोच्या कपाळावरून घाम ओघळत होता, डोळे लखलखत होते, आणि ती जागच्या जागी पाय झुलवत होती. बाईंनी फळी धरणाऱ्या दोघींपैकी एकीला बाजूला केलं.

‘तुम्ही धरा,’ त्या सावकाशरावांना म्हणाल्या.

‘मी? मला कुठे येतंय?’

‘नुसती घट्ट धरा आणि चेहरा फळीच्या वर ठेवा. तिला दिसला पाहिजे.’

सावकाशरावांनी फळी धरली. फळीच्या वरून त्यांना बायको दिसली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला कधी असं नीट समोरून पाहिलं नव्हतं. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर ती त्यांना फार सुंदरही दिसली. हे तिला सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण सवयीने तोंडातून निघालं, ‘सावकाश हं…’

फळीचे दोन तुकडे झाले. आवाज असा झाला की बाहेरच्या झाडावरचे पक्षी उडाले. एक तुकडा स्टेजच्या पडद्यात गेला, आणि दुसरा सावकाशरावांच्या हातातच राहिला. तो घेऊन ते स्वतः मागे गेले, परीक्षकांच्या टेबलाच्या कडेवर कंबर आपटून मॅटांच्या ढिगाऱ्यात उताणे पडले. कुणीच त्यांच्याकडे आलं नाही. सगळ्या बायकोभोवती ओरडत, टाळ्या वाजवत होत्या, आणि ती हसत होती आणि रडत होती. खाली पडल्या पडल्या सावकाशरावांना ते पायांच्या गर्दीतून दिसलं. कमरेतून कळा येत होत्या. तरी आज काही कुणी आपल्याला उठवणार नाही, म्हणून ते तसेच पडून राहिले.

त्या दिवशी घरात दोन पट्टे आले. बायकोला तपकिरी मिळाला, आणि सावकाशरावांना डॉक्टरांनी कातडी रंगाचा दिला, पुढून तीन बकलं असलेला.

संध्याकाळी बायकोने त्यांच्या पाठीशी उशी लावली आणि चहा हातात दिला. मग त्यांच्या पायापाशी बसून म्हणाली, ‘खरं सांगा. तुम्ही मला मुद्दाम चिडवलंत ना? मी तापावी म्हणून?’

सावकाशराव तिच्याकडे बघत राहिले. आपण तर जीव तोडून समजूत घालत होतो, असं सांगावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. तिच्या नजरेत ते ‘यांच्यामुळे’ पुन्हा आलं होतं.

‘हो,’ ते म्हणाले. ‘मुद्दामच.’

‘मला वाटलंच. आईच्या गुडघ्यांचं तर तुम्ही असं बोललात, की मला खरंच वाटलं.’ तिने मायेने त्यांच्या पावलावर हात ठेवला. ‘म्हणजे मशीन तुम्ही उद्या नेणार.’

‘नेतो ना,’ सावकाशराव म्हणाले, आणि पुढचा शब्द त्यांनी चहाबरोबर गिळला.

पुढच्या परीक्षेच्या आधी बाईंचा निरोप आला. बायको आता काळ्या पट्ट्याला बसणार होती, आणि बाईंनी सावकाशरावांना मुद्दाम बोलावलं होतं. सावकाशरावांची मान ताठ झाली. आपल्या कामाची कुठेतरी कदर झाली, असं त्यांच्या सगळ्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, वाटेने चार-पाच वाक्यं मनात तयार केली, आणि मशीन दुरुस्त होऊन आल्यामुळे तो मुद्दा हातचा गेला याची त्यांना थोडी हळहळही वाटली. तरी गिझर अजून तसाच होता.

‘सुरुवात कशाने करू?’ त्यांनी हॉलमध्ये शिरताच बाईंना विचारलं. ‘तिच्या वयापासून घेऊ, की थेट गिझर काढू?’

‘काही बोलू नका,’ बाई म्हणाल्या. त्यांनी कोपऱ्यात मांडलेली एक खुर्ची दाखवली. ‘तिथे नुसते बसून राहा. तुम्ही दिसलात तरी तिला पुरतं.’

सावकाशराव जाऊन बसले. खुर्ची त्यांच्या मापाची निघाली. दोरीवरच्या उड्या मारता मारता बायकोने एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोरीचा वेग वाढला.